ठोके चुकतात, अब्लेशन करावं का? मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाचं अब्लेशन झालं, म्हणजे शिरेतून तार आत नेऊन, डाग देऊन ठोके बिघडवणाऱ्या करंटची वाट बंद केली. तेव्हापासून महिन्याला चार-पाच फोन ठरलेले. कुणाच्या सासऱ्यांचे ठोके चुकतात, कुणाच्या बहिणीला डॉक्टरांनी 'करून टाका' म्हटलंय. माझा थोरला भाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग बघतो. त्यालाही हाच ठोके चुकण्याचा आजार आहे आणि त्याने अब्लेशन केलेलं नाही. मी केलं तेही बरोबर आणि दादाने नाही केलं तेही बरोबर, हे फोनवर कुणाला पटवणं फार अवघड जातं. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही. आमच्या डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलं आणि वाचत गेलो, त्यातून हे जमलंय.

डॉक्टर 'अब्लेशन करा' म्हणाले. करू का?

आधी एक सांगा, तुमच्या ठोक्यांच्या आजाराचं नाव काय? दहातल्या सहा जणांना ते माहीत नसतं. 'ठोके चुकतात' एवढंच सांगतात. पण ठोके चुकण्याचे प्रकार वेगळे, आणि अब्लेशन या एकाच शब्दाखाली वेगवेगळी कामं येतात.

एसव्हीटी म्हणजे बटण दाबल्यासारखी अचानक सुरू होणारी, एकशे ऐंशीच्या वेगाची पण नियमित धडधड. तशीच ती अचानक थांबतेही. बऱ्याचदा तरुण मुलामुलींना होते. तिथे हृदयात जन्मापासूनच एक जादा वाट असते. ती वाट बंद केली की शंभरात पंच्याण्णवच्या वर लोकांचा प्रश्न कायमचा सुटतो. ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू, म्हणजे त्या जादा वाटेची खूण, दिसलं असेल तर डॉक्टर जास्त आग्रह धरतात, आणि तो योग्य असतो. फ्लटर नावाचा एक प्रकार आहे, त्यातही यशाचं प्रमाण नव्वदीच्या घरात. अधूनमधून एखादा जादा ठोका पडतो, ती 'एक्टोपिक' अनेकदा निरुपद्रवी असते. चोवीस तासांत असे ठोके किती हजार पडतात ते होल्टर (अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं छोटं यंत्र) लावून मोजतात आणि मग ठरवतात.

एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ही सगळ्यात गुंतागुंतीची गोष्ट. मला आणि दादाला तेच आहे, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे. तेव्हा धडधड चालू असतानाची ईसीजीची पट्टी मिळवा. धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, टेन्शन घेतोस उगाच. माझी आठ महिने हीच कथा होती. शेवटी एकदा धडधड सुरू असतानाच वर्कशॉपमधून तसाच उठलो, ग्रीसचे हात घेऊन शेजारच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा पट्टीवर पकडलं गेलं. फोन येऊ दे, गिऱ्हाईक येऊ दे, त्या वेळी उठायचं म्हणजे उठायचं.

एएफमध्ये नेमकं बिघडतं काय?

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक ठिकाण आहे, तिथून दर ठोक्याला एक करंट निघतो. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत भलतीकडूनच ठिणग्या उडायला लागतात, मिनिटाला तीनशे ते सहाशे. कप्पा आकसायचं सोडून नुसता थरथरतो. मधे एक नाका आहे म्हणून सगळ्या ठिणग्या खाली जात नाहीत, पण जातात त्या कशाही जातात. म्हणून नाडी एकशे तीस-चाळीस आणि तिला ताल नाही.

या ठिणग्या बहुतेक वेळा फुप्फुसाकडून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उडतात, हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. आजचं एएफचं अब्लेशन त्याच शोधावर उभं आहे. शिरांच्या तोंडाभोवती वणाचं कडं करायचं, म्हणजे ठिणगी उडाली तरी आत येणार नाही. लोकांना वाटतं काहीतरी कापून काढतात. कापत काही नाहीत, इन्सुलेशन घालतात.

नाही केलं तर अटॅक येईल का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत अडथळा. तो नळाचा बिघाड, हा वायरिंगचा. अँजिओग्राफी स्वच्छ आली तरी एएफ असू शकतं. माझी स्वच्छच होती.

एएफचा खरा धोका लकव्याचा. कप्पा थरथरतो तेव्हा रक्त साकळतं, विशेषतः डाव्या कप्प्याला लागून एक छोटीशी पिशवी असते तिच्यात. तिथली गुठळी सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. एएफ असलेल्याला हा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो.

आणि इथेच सगळी गल्लत होते. समोर दोन वेगळे प्रश्न असतात आणि लोक ते एकाच पोत्यात भरतात. पहिला: गुठळी होऊ नये म्हणून काय करायचं? त्याचं उत्तर रक्त पातळ करायची गोळी. दुसरा: धडधड, दम, थकवा यांचं काय करायचं? त्याची उत्तरं अनेक, अब्लेशन त्यातलं एक. पहिल्या प्रश्नात तुमच्या मताला फारशी जागा नाही. दुसऱ्यात भरपूर आहे. लोक नेमकं उलटं करतात. गोळी 'बघू' म्हणून सोडतात आणि अब्लेशनच्या काळजीने रात्र रात्र जागतात.

रक्त पातळ करायची गोळी प्रत्येकाला लागते का?

नाही. गुण मोजतात. बीपी, मधुमेह, हृदय कमकुवत असणं, आधी अटॅक किंवा रक्तवाहिन्यांचा आजार, वय पासष्टच्या वर, यांना एकेक गुण. पंच्याहत्तरीच्या वर दोन, आधी लकवा येऊन गेला असेल तर दोन. पूर्वी बाई असण्याचा एक गुण वेगळा धरत, २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो काढून टाकला. दोन किंवा जास्त भरले तर गोळी घ्यायचीच, एक असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. दादाचे तीन भरतात: वय, बीपी, साखर. माझा एकच, बीपीचा.

यात एक मोठा अपवाद आहे आणि आपल्याकडे तो नेहमी भेटतो. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्यातून हृदयाची झडप आकसलेली, असं कुणाचं असेल तर गुण मोजत बसायचं नाही. त्यांना गोळी लागतेच, आणि तीही जुनी असिट्रोम किंवा वॉरफरिन. नवीन गोळ्या या आजारात तेवढ्या चालत नाहीत हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. धातूची झडप बसवली असेल तरी तेच.

असिट्रोमवर असताना मेथी-पालक बंद का?

बंद नाही, बेभरवशाचं नको. पालेभाजीतलं 'के' जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. थंडीत मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या की आठवडाभर रोज मेथी आणि मग महिनाभर पाला बघायचा नाही, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचं माप, वरखाली होतो. रोज थोडी खा, सारखी खा. आयएनआर दोन ते तीनच्या मधे ठेवतात, झडप धातूची असेल तर त्याहून जास्तही ठेवायला सांगतात.

अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नवीन गोळ्यांना ही कटकट नाही आणि आता भारतीय कंपन्यांच्या आल्यामुळे परवडतात. मात्र त्यांचा असर तासांत उतरतो. एक दिवस विसरलात तर तो दिवस उघड्यावर गेला समजा.

रक्त वाहतच राहील ही भीती सगळ्यांना असते. दादाला ऑक्टोबर छाटणीच्या वेळी कात्री बोटात घुसली. वहिनींनी हळद दाबली, तरी रक्त थांबेना, सगळे घाबरले. शेवटी स्वच्छ फडकं घेऊन घड्याळ लावून पंधरा मिनिटं दाबून धरलं, मधे उघडून बघितलं नाही, तेव्हा थांबलं. आता त्याच्या छाटणीच्या पिशवीत बँडेजची गुंडाळी असते. बोटाचं निभावतं, डोक्याच्या माराला मात्र थेट दवाखाना. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक आणायची नाही. या गोळीबरोबर ती घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

माझी चूक पण सांगतो. दाढ काढायची म्हणून मी कुणालाही न विचारता पाच दिवस गोळी बंद केली होती. दाढेच्या डॉक्टरांना कळल्यावर तेच ओरडले. साध्या दाढेसाठी अनेकदा बंद करावीच लागत नाही, आणि करायची तर किती तास हे तुमचे हृदयाचे डॉक्टर सांगतात.

अब्लेशन झालं की ही गोळी सुटते ना?

या आशेने अब्लेशन करणार असाल तर करू नका. नंतरचे दोन-तीन महिने गोळी प्रत्येकाला घ्यावीच लागते. त्यापुढे ठोके कसे आहेत यापेक्षा तुमचे गुण किती आहेत यावर ठरतं. दादाने अब्लेशन केलं असतं तरी त्याची गोळी सुटली नसती. हे त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मग माझा काय फायदा?" प्रश्न अगदी रास्त होता.

दादांनी का नाही केलं?

कारण त्याला त्रास नाही. अडुसष्ट वय, रोज सकाळी बागेत चार-पाच तास उभा. बीपी तपासायला गेला तेव्हा योगायोगाने सापडलं. एएफ किती वर्षांपासून आहे कुणालाच माहीत नाही, पण सतत आहे, थांबून थांबून नाही. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा वरचा कप्पा बावन्न मिलिमीटर. चाळीसपर्यंत ठीक मानतात. कप्पा जितका ताणलेला आणि एएफ जितकं जुनं, तितकं अब्लेशन टिकण्याची शक्यता कमी. मेटोप्रोलॉल या वेग आवरायच्या गोळीवर त्याची नाडी ऐंशीच्या आत राहते. ताल नाही, पण वेग आटोक्यात.

वेग आवरायचा की ताल परत आणायचा, हा वाद जुना आहे. २००२ मध्ये चार हजारांवर रुग्णांची एक मोठी चाचणी झाली, तिच्यात दोन्ही वाटांनी जगण्या-मरण्यात फरक पडला नाही. पण तेव्हा ताल आणायचा तो गोळ्यांनी. २०२० मध्ये जर्मनीतून चालवलेल्या 'ईस्ट' चाचणीत दिसलं की एएफ सापडून वर्षही झालं नसेल आणि तेव्हाच ताल परत आणायचा प्रयत्न केला, तर लकवा आणि हृदयाचे मोठे त्रास कमी होतात. म्हणजे आजार नवा असताना 'बघू नंतर' म्हणणं आता तितकं निर्धास्त राहिलेलं नाही. दादाची ती वेळ केव्हाच निघून गेली होती. आमच्या डॉक्टरांनी त्याला एक अट घातली: दर वर्षी इको. हृदयाची ताकद घसरायला लागली तर पुन्हा बोलू.

ती अट महत्त्वाची आहे. हृदय कमकुवत झालेल्यांचं गणित वेगळं असतं. २०१८ च्या 'कॅसल' चाचणीत अशा रुग्णांमध्ये अब्लेशननंतर मृत्यू आणि दवाखान्याच्या फेऱ्या, दोन्ही कमी झाले होते. तिथे 'मला त्रास नाही' एवढ्यावर टाळू नये.

आणि तुम्ही का केलं?

मला जगू देत नव्हतं म्हणून. आठवड्यातून दोनदा, बहुतेक रात्री, छातीत पिशवीत कबुतर कोंडल्यासारखी फडफड. चार-पाच तास चालायची. दुसऱ्या दिवशी अंगात जीव नसायचा, वर्कशॉपचा जिना चढताना मधे थांबायचो. आधी फ्लेकेनाइड ही ताल टिकवायची गोळी घेतली, सहा महिने बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. नंतर अमिओडॅरॉन. तिने ठोके आवरले, पण चौथ्या महिन्यात थायरॉईड बिघडला. ही गोळी ताकदीची आहे पण तिचे हिशेब लांबचे: थायरॉईड, यकृत, फुप्फुस, उन्हाने कातडी काळवंडणं. ती चालू असेल तर दर सहा महिन्यांनी रक्त तपासा. आणि असिट्रोमबरोबर असेल तर आयएनआर भसकन वाढतो, म्हणून दोन्ही गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना माहीत असू द्या.

मी सत्तावन्नचा, कप्पा एकोणचाळीस मिलिमीटर, एएफ येऊन-जाऊन. म्हणजे अब्लेशन ज्यांना चांगलं लागू पडतं त्या गटातला. २०२३ च्या अमेरिकी आणि २०२४ च्या युरोपीय सूचना तर म्हणतात की अशा माणसाला गोळ्या फसायची वाट न बघता आधीच अब्लेशनचा पर्याय द्यायला हरकत नाही.

आयुष्य वाढेल म्हणून मी केलेलं नाही, हे स्पष्ट सांगतो. २०१९ ची 'कबाना' चाचणी बावीसशे रुग्णांवर झाली. मृत्यू, मोठा लकवा, मोठा रक्तस्राव या हिशेबात अब्लेशन आणि गोळ्या यांच्यात ठोस फरक निघाला नाही. फरक निघाला तो रोजच्या जगण्यात. मला तेवढा पुरेसा होता.

किती टक्के यश?

येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये एकदा केल्यावर वर्षभराने साधारण दहातले सात-आठ जण मोकळे असतात. सतत असणाऱ्यात पाच-सहा. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, त्याला अपयश म्हणत नाहीत, कड्यात राहिलेली फट बुजवणं म्हणतात. आणि 'यश' म्हणजे काय हेही विचारा. चाचण्यांमध्ये तीस सेकंद एएफ दिसलं तरी नापास धरतात. आठवड्यातून दोनदा पाच तास होतं, ते वर्षातून एकदा वीस मिनिटं झालं, तर कागदावर नापास आणि घरी पेढे.

धोके किती?

अनुभवी हातात मोठी गुंतागुंत शंभरात दोन-तीन जणांना. सगळ्यात जास्त जांघेतल्या शिरेपाशी रक्त साकळणं. हृदयाभोवती रक्त जमणं शंभरात एखाद्याला. ते तिथल्या तिथे सुई घालून काढतात, क्वचित छाती उघडावी लागते. लकवा शंभरात एकापेक्षा कमी. मृत्यू हजारात एखादा, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी.

एक फार दुर्मिळ पण जीवघेणी गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवायची. अन्ननलिका त्या कप्प्याला मागून चिकटून असते. उष्णतेने तिला इजा होऊन दोन ते सहा आठवड्यांनी भोक पडू शकतं. म्हणून त्या काळात ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, बोलण्यात अडखळणं यातलं काही झालं तर फॅमिली डॉक्टरकडे तापाची गोळी घ्यायला जायचं नाही. जिथे अब्लेशन केलं तिथे फोन करायचा, आणि कुणी घशातून दुर्बीण घालू म्हणालं तर आधी अब्लेशन झाल्याचं सांगायचं.

उष्णता, बर्फ की तो नवीन करंट?

उष्णतेने ठिपक्या-ठिपक्याने डाग देतात, बर्फाच्या फुग्याने एका झटक्यात कडं गोठवतात, आणि पल्स्ड फील्डमध्ये विजेचे अगदी कमी वेळाचे झटके देतात. या नव्या प्रकारात अन्ननलिकेला धोका फार कमी दिसतो आणि वेळही वाचतो. अमेरिकेत त्याला २०२३ च्या शेवटी मान्यता मिळाली, म्हणून दहा-वीस वर्षांचा अनुभव त्यामागे अजून नाही. एएफ सुटण्याच्या बाबतीत तिघांत फार मोठी तफावत नाही. यंत्रापेक्षा हात बघा. माझ्याकडेही नवं मशीन आणि जुना कारागीर आहे. गिऱ्हाईक कारागिराला विचारत येतं.

नाशिकला करायचं की मुंबईला?

दवाखान्याचं नाव मी घेणार नाही, कुणाचंच. पण एक प्रसंग सांगतो. पहिल्या ठिकाणी मला दहा मिनिटांत 'परवा बेड रिकामा आहे' म्हणून सांगितलं. इको झालेला नव्हता, थायरॉईड तपासलेला नव्हता, हातात पॅकेजचा कागद मात्र आला. मी चहा प्यायला म्हणून खाली आलो तो गेलोच नाही. एएफ काही परवाची गोष्ट नसते, चार आठवडे विचार केला तर आभाळ कोसळत नाही.

पुढच्या ठिकाणी मी वहीत प्रश्न लिहून नेले. एएफची अब्लेशनं तुम्ही स्वतः वर्षाला किती करता? थ्री-डी मॅपिंग, म्हणजे हृदयाचा आतून नकाशा काढणारं यंत्र, आहे का? काही झालं तर हृदयाचे सर्जन याच इमारतीत आहेत का? आणि सगळ्यात कामाचा: डॉक्टर बाहेरगावाहून ठरलेल्या दिवशी येणार असतील तर ते संध्याकाळी निघून गेल्यावर रात्री मला कोण बघणार? या प्रश्नावर समोरचा चिडला तर उत्तर मिळालं समजा. आमचे डॉक्टर हसले आणि रात्रीच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला.

मुंबईला करणार असाल तर दोन रात्री तिथे काढा. कसारा घाट उतरून-चढून त्याच दिवशी परतायचा पराक्रम नको. गाडीत दर तासाला उतरून चार पावलं चाला. साध्या एसव्हीटीसाठी मात्र मुद्दाम लांब जायची गरज बहुतेकांना पडत नाही.

खर्च आणि विमा?

आकडा सांगत नाही, कारण दर बदलतात आणि माझा आकडा घेऊन कुणी दुसऱ्याशी भांडायला नको. एसव्हीटीचं काम स्वस्त, थ्री-डी मॅपिंगवालं एएफ कितीतरी महाग. महाग असतात त्या एकदाच वापरायच्या कॅथेटर, म्हणजे हृदयात न्यायच्या तारा. म्हणून पॅकेजमध्ये कॅथेटर, मॅपिंगसाठी अंगावर चिकटवायचे पॅचेस, भूल आणि अन्ननलिकेतून केलेला इको धरलाय का, हे लेखी घ्या. माझ्या बिलात पॅचेस वेगळे निघाले होते.

विम्यात आजार आधीपासूनचा असेल तर वाट पाहण्याचा काळ असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षं करता येतो. महात्मा फुले योजनेत नेमका तुमचा प्रकार बसतो का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पट्टी दाखवूनच विचारा. 'हृदयाचं सगळं बसतं' असं ऐकून जाऊ नका.

दुखतं का? प्रत्यक्ष काय होतं?

रात्रीपासून उपाशी. कॅथ लॅब पावसाळ्यातल्या इगतपुरीसारखी गारठलेली. मला पूर्ण भूल दिली होती. छातीवर एकही टाका नाही, जांघेतल्या शिरेतून वर जातात आणि हृदयातला मधला पडदा सुईने भेदून डावीकडे उतरतात. अडीच तास लागले असं बायको सांगते. तिच्यासाठी ते अडीच दिवस होते.

खरा त्रास नंतरचा. पाठीवर पाच तास सरळ, पाय दुमडायचा नाही. बायकोने स्ट्रॉने पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी जांघेत आठच्या आकड्यासारखा टाका काढला आणि घरी. मांडी आधी जांभळासारखी झाली, मग हिरवट, दहाव्या दिवशी पिवळी. तो रंग खाली गुडघ्याकडे सरकतो तेव्हा घाबरू नका. मात्र गाठ मोठी होत चालली किंवा टणक, धडधडणारी लागली तर लगेच दाखवा. आठवडाभर जड उचलायचं नाही. माझ्या धंद्यात हे सगळ्यात अवघड. पाच एचपीची मोटार समोर पडलेली आणि मी स्टुलावर.

नंतर पुन्हा धडधडलं तर फुकट गेलं का?

तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता माझं पुन्हा सुरू झालं, दोन तास. बायकोला उठवलं नाही, अंधारात बसून पैसे मोजत होतो. सकाळी डॉक्टर म्हणाले, आत सूज आहे, पहिले दोन-तीन महिने हिशेबात धरत नाहीत. नंतर एकदा, सहाव्या आठवड्यात, अर्धा तास. त्यानंतर आजतागायत नाही. तुमचंही असंच होईल असं नाही, पण तीन महिने निकाल लावू नका.

वजन, घोरणं, दारू यांचा काय संबंध?

इतका की अब्लेशनपूर्वी हे केलं नाही तर पैसे निम्मे वाया. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या २०१५ च्या अभ्यासात दहा टक्के वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांचं एएफ इतरांपेक्षा कितीतरी कमी झालं होतं. मी अठ्ठ्याऐंशीवरून एकोणऐंशीला आलो, कृषीनगरच्या ट्रॅकवर चालून आणि रात्रीचा भात सोडून.

घोरण्याला आमच्याकडे गाढ झोप समजतात. झोपेत श्वास अडकत असेल तर हृदय रात्रभर ताणलं जातं आणि अब्लेशन टिकत नाही. बायकोने माझ्या घोरण्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला, मग झोपेची तपासणी झाली. आता मास्क लावून झोपतो.

दारू: नाशिकमध्ये 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं म्हणणारे पुष्कळ. हृदयाला हा फरक कळत नाही. चहा-कॉफी नेहमीइतकी चालते. मिसळ पण चालते, फक्त रात्री उशिरा तुडुंब जेवून आडवं होऊ नका, माझी निम्मी धडधड त्यातून सुरू व्हायची.

उपवास आणि ब्रह्मगिरीची फेरी?

डॉक्टरांना विचारून. उपवासाला लोक जेवणाबरोबर गोळ्याही सोडतात, हे चुकीचं. रिव्हारोक्साबॅन जेवणाबरोबरच घ्यायची असते, पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे जेवणच, तेव्हा ती सबब चालत नाही. निर्जळी मात्र नको. पाणी आणि पोटॅशियम कमी पडलं की ठोके बिथरतात. जुलाबातही तेच. ज्येष्ठमधाची चूर्णं रोज घेऊ नका, त्यानेही पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. दादा श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी फेरी करायचा, आता गर्दी टाळून आदल्या आठवड्यात अर्धी करतो आणि पूर्ण केल्याचं सांगतो.

धावत कधी जायचं?

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं: १०८ लावा, वेळ बघून ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्त पातळ करायची कोणती गोळी, शेवटची किती वाजता घेतली, हे सांगावं लागतं. आमच्या फ्रिजवर दोघांचीही चिठ्ठी लावलेली आहे. धडधडीबरोबर चक्कर येऊन पडणं किंवा छातीत दुखणं, तेव्हाही थांबू नका. नुसती धडधड असेल तर शांत बसा, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. एएफमध्ये तो गुणाकार चुकतो.

घड्याळाने एएफ दाखवलं, पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का?

मला नको. घड्याळ कधी खरं सांगतं, कधी मनगट हललं की काहीही सांगतं. डॉक्टरांकडे बारा तारांचा ईसीजी काढा आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये न्या. पट्टीचा कागद वर्षभरात पांढरा पडतो, म्हणून आधी झेरॉक्स काढा. मला पाठवायची असेल तर जळालेल्या मोटारीची नेमप्लेट पाठवा, एचपी आणि आरपीएम वाचता येतील अशी.